डाव्या चाकाची आतली कड

मापसाहेबांच्या पिकअपला तपासणी केंद्राने नापास केलं, आणि तेही नुसत्या अंगठ्याने.

झालं असं, की तिथल्या तपासनिसाने गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, हात आत घालून टायरच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि उठून कागदावर फुली मारली. टायरची बाहेरची कड ठणठणीत होती आणि आतली साफ गुळगुळीत. कारण शोधा, दुरुस्त करा, पंधरा दिवसांत परत आणा, असं त्याने कागदावरून मान वर न करता सांगितलं. झीज किती आहे ती कशाने मोजली, असं मापसाहेबांनी विचारलं. अंगठ्याने, असं तो म्हणाला.

"अंगठ्यावर पडताळणीचा शिक्का आहे का?" मापसाहेबांनी विचारलं.

तपासनिसाने स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि पुढच्या गाडीला हात केला.

हा प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. मापसाहेबांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली होती. गावातल्या प्रत्येक दुकानातला काटा, पट्टी आणि लिटरचं माप त्यांनी डोळ्याला चष्मा लावून तपासलेलं होतं. ते रस्त्याने निघाले की दुकानदार उगाचच काटा पुसायला लागत. "मुद्दाम नाही हो, मला माहीत नव्हतं," असं कुणी म्हणालं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "हेतू आम्ही मोजत नाही." हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडे, की निरोपसमारंभाच्या भाषणात ते तीनदा आलं. अशा माणसाला अंगठ्याने नापास करणं म्हणजे गवयाला टाळ्या वाजवून सूर शिकवण्यासारखं होतं. त्यात तपासनिसाचा स्वर अगदी मापसाहेबांच्याच नोकरीतल्या स्वरासारखा होता, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

गाडी बावीस वर्षांची होती आणि ती खरं तर काकूंच्या कामाची होती. काकू म्हणजे मापसाहेबांची पत्नी. घराच्या मागच्या अंगणात त्या रोपं वाढवत आणि दर शनिवारी पिकअपमध्ये दीडशे कुंड्या भरून बाजारात नेत. बाजारात त्यांची जागा कोपऱ्यावर, नळाला लागून होती. रोपं विकणाऱ्याला नळाजवळची जागा मिळणं म्हणजे काय, ते ज्याने उन्हात दोनशे पावलांवरून बादल्या आणल्या आहेत त्यालाच कळेल. काकूंना ती अकरा वर्षं रांगेत थांबून मिळाली होती. काकूंकडचं चार फुटी रोप घरी नेऊन मोजलं, की चार फुटांहून बोटभर जास्तच भरायचं. लोक म्हणत, काकूंच्या हाताला गुण आहे, रोप वाटेतच वाढतं. मापसाहेबांनाही हे मनातून पटलेलं होतं, कारण शास्त्र हे फक्त दुसऱ्यांच्या बायकांना लागू करायचं असतं.

आता बाजाराचा नियम असा होता, की लागोपाठ तीन शनिवार जागा रिकामी राहिली तर ती रांगेतल्या पुढच्याला मिळते. रांगेत पुढची होती निवडुंग विकणारी बाई. निवडुंगाला पाणी लागत नाही, तरी तिचा नळावर डोळा होता. पहिला शनिवार तपासणीतच गेला, कारण शनिवारी तिथे गर्दी कमी असते असा मापसाहेबांचा अभ्यास होता. तपासणीचा कागद नसलेल्या गाडीला बाजाराच्या फाटकातून आत सोडत नाहीत. म्हणजे उरले दोन शनिवार.

वास्तविक गोष्ट इथेच संपायला हवी होती. गावात चाकं सरळ करायचं मशिन होतं, ते चालवणारा चाकवाला होता, आणि तो अर्ध्या दिवसात काम करून देत असे. काकूंनी त्याच दिवशी तसं सुचवलं. वळताना डावीकडून टक टक असा आवाज येतो, तेवढं त्याला सांगा, असंही त्या म्हणाल्या. तो आवाज मागच्या बादलीचा आहे, असं सांगून मापसाहेबांनी विषय मिटवला. खरं कारण वेगळं होतं. चौदा वर्षांपूर्वी हा चाकवाला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवत असे, आणि त्याचा तराजू दहा ग्रॅम कमी देतो म्हणून मापसाहेबांनी तो भर बाजारात जप्त केला होता. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तो माणूस "मुद्दाम नाही साहेब, मला माहीतच नव्हतं" असं म्हणाला होता, आणि मापसाहेबांनी आपलं ते आवडतं वाक्य त्याला ऐकवलं होतं. वर्षभरात ते दुकान बंद पडलं. अशा माणसाच्या दारात गाडी घेऊन उभं राहायचं म्हणजे आपणहून सुरीखाली मान ठेवण्यासारखं होतं. तेव्हा मापसाहेबांनी जाहीर केलं की कारण शोधणं हा शुद्ध मोजमापाचा प्रश्न आहे, आणि मोजमाप घरातच आहे.

रविवारी सकाळी ते जॅक, खडू आणि वही घेऊन अंगणात उतरले. माणूस गाडीखाली आडवा झाला की शेजाऱ्यांना लांबूनच वास लागतो. पहिले आले समोरचे ड्रिलमास्तर. शाळेत तीस वर्षं कवायत घेतल्यामुळे ते कुठल्याही गोष्टीकडे ती रांगेत उभी आहे की नाही एवढंच बघत. त्यांनी गाडी सावधान स्थितीत उभी करायला लावली, समोर दहा पावलांवर जाऊन एक डोळा मिटला आणि सांगितलं, की डावं पाऊल बाहेर पडतंय. हवा कमी असेल, म्हणाले. मापसाहेबांनी हवा मोजली, ती बरोबर होती. मग जास्त असेल, असं मास्तर म्हणाले.

मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांनी टायरकडे बराच वेळ बघितलं, बोटाने कड चाचपली, आणि सवयीने "आ करा" म्हणता म्हणता थांबले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस एका बाजूने चावायला लागला की दाढ अशीच एका कडेने झिजते. दोष त्या कडेत नसतो, मुळाशी काहीतरी सैल झालेलं असतं. "आधी धरून हलवून बघा. आम्ही तेच करतो," ते म्हणाले. मापसाहेबांनी हसून त्यांचे आभार मानले. दातांच्या डॉक्टरकडून चाकाचा सल्ला घ्यायची वेळ अजून आलेली नाही, असं ते नंतर काकूंना म्हणाले. काकू तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि त्यांनी पाणी घालणं चालू ठेवलं.

सोमवारी मापसाहेबांनी गाडीच्या चारी बाजूंनी दोरी ताणली. दोरीला चाकं समांतर आहेत की नाहीत हे बघायची ही जुनी आणि नामी युक्ती आहे. ते वही आणायला आत गेले आणि येऊन बघतात तर दोरीवर ड्रिलमास्तरांचे तीन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा वाळत होता. मास्तरांच्या बायकोला वाटलं, मापसाहेबांनी शेजाऱ्यांची सोय केली. आता एवढ्या भल्या बाईला कपडे काढा असं कसं म्हणायचं? मापसाहेबांनी टॉवेल वाळेपर्यंत वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत दोरीला चांगला झोळ पडला होता.

मंगळवारी त्यांनी दोरी सोडून दिली आणि थेट मापाला हात घातला. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधोमध खडूची रेघ मारायची. त्या दोन रेघांमधलं अंतर चाकांच्या पुढच्या बाजूने मोजायचं, मग तेच मागच्या बाजूने मोजायचं. दोन्ही सारखी आली तर चाकं सरळ. पुढचं जास्त आलं तर चाकं बाहेर फाकलेली, आणि मग आतली कड झिजणारच. पुढचं माप त्यांनी आपल्या स्टीलच्या टेपने घेतलं. ती टेप पडताळलेली होती, तिच्यावर शिक्का होता, आणि ती त्यांनी आजवर कुणाला उसनी दिलेली नव्हती. बरोबर एकशे चाळीस सेंटिमीटर भरलं. मागच्या बाजूला मात्र मध्ये इंजिनाचं पोट येत होतं आणि स्टीलची टेप त्याला अडून वाकत होती. मग त्यांनी काकूंच्या ॲप्रनच्या खिशातली कापडी टेप घेतली. काकू त्या टेपने रोपांची उंची मोजत, आणि मोजायचं काही नसलं की तिनेच फांद्या बांधत. मापसाहेब गाडीखाली सरपटले, ड्रिलमास्तरांनी दुसरं टोक धरलं, दोघांनी टेप ताणली. एकशे साडेअडतीस!

मापसाहेब गाडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर जे तेज होतं, ते गेल्या सात वर्षांत, म्हणजे निवृत्तीपासून, काकूंनी पाहिलेलं नव्हतं. दीड सेंटिमीटरची तफावत! त्यांनी वहीत आकृती काढली, बाण दाखवले, खाली तारीख घालून सही केली. मग दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड नावाचा दांडा असतो, तो पान्याने फिरवून त्यांनी दीड सेंटिमीटर भरून काढला. तीन दिवस लागले, कारण नट बावीस वर्षांचा होता आणि त्याचं गाडीवर प्रेम होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी काकूंना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. सरळ जायचं तर स्टिअरिंग तिरकं धरावं लागत होतं. पहिल्या वळणावर टायर असे रडले, की दोन घरांतली माणसं खिडकीत आली. दुसऱ्या वळणावर काकूंनी दाराची कडी धरली. ते सगळं संपल्यावर, गाडी परत दारात उभी राहताना, डावीकडून टक टक असा आवाज आला. बादली त्या दिवशी गाडीत नव्हती.

"भाड्याची गाडी सांगू का उद्यापुरती?" काकूंनी विचारलं.

स्वतःची गाडी दारात असताना भाड्याची, असं मापसाहेब म्हणाले, आणि दुसरा शनिवार गेला. त्या शनिवारी दीडशे कुंड्या अंगणातच राहिल्या. ड्रिलमास्तरांची बायको बाजारातून येताना सांगून गेली, की निवडुंगवाली आज नळापाशी नुसतीच उभी होती, जागेची लांबी पावलांनी मोजत.

पण मापसाहेबांनी हार मानली नाही. चूक मापात नसून टायरांना नव्या स्थितीची सवय व्हायची आहे, असा त्यांनी सिद्धान्त काढला आणि बुधवारी वहीतली पानं फेरतपासणीच्या अर्जाला जोडून तपासणी कचेरी गाठली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटून पाहिला. 'झिजेचे कारण' या रकान्यात एकच ओळ बसते, तुम्ही आकृतीसकट अडीच पानं जोडली आहेत, असं तो म्हणाला. शिवाय कारण स्वतःच लिहून चालत नाही, मान्यताप्राप्त गॅरेजचा दाखला लागतो. मापसाहेबांनी आपण निवृत्त राजपत्रित अधिकारी असून आपली सही कुठेही चालते असं सांगितलं. कारकुनाने शांतपणे विचारलं, "टायरवर चालते का?" रांगेत कुणीतरी हसलं. मान्यताप्राप्त गॅरेजांची यादी भिंतीवर लावली होती. मापसाहेबांनी चष्मा लावून ती वाचली. यादीत एकच नाव होतं, आणि ते चाकवाल्याचं होतं.

गुरुवारी दिवसभर त्यांनी घरातली सगळी बिजागरं तपासली. संध्याकाळी काकू अंगणात एका मोठ्या रोपाला काठी बांधत होत्या, तिथे ते जाऊन उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "परवा जागा गेली तर मी भांडणार नाही. दुसऱ्या टोकाला उभी राहीन, बादल्या आणीन. पण अहो, मी पहिल्याच दिवशी टक टक म्हणाले होते. तुम्हाला मोजता येत नाही ते तुम्हाला ऐकूच येत नाही. यापुढे मी तुम्हाला काही सांगणार नाही, एवढंच."

त्या रागावल्या असत्या तर मापसाहेबांनी उत्तर दिलं असतं. रागाला त्यांच्याकडे एकतीस वर्षांची उत्तरं होती. पण काकूंनी हे गाठ मारता मारता सांगितलं, आणि गाठ झाल्यावर दुसऱ्या रोपाकडे वळल्या. मापसाहेबांना त्या क्षणी आपली फार लाज वाटली, आणि थोडी भीतीही वाटली. काही न सांगणाऱ्या काकूंबरोबर उरलेलं आयुष्य कसं जाईल, याचा त्यांना अंदाज करता येईना.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, टायर रडवत, स्टिअरिंग तिरकं धरून, ते चाकवाल्याच्या दारात पोहोचले. दोन्ही टेपा आणि वही बरोबर होती. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यातली दोघं जुन्या टायरांवर बसून चहा पीत होती. चाकवाल्याने मापसाहेबांना ओळखलं, हात पुसले, आणि गाडीला काय होतंय एवढंच विचारलं. मापसाहेबांनी वही उघडली. चाकवाल्याने वहीकडे बघितलं नाही. त्याने गाडीचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, एक हात वर आणि एक हात खाली धरून चाक मागेपुढे हलवलं.

टक टक.

"बॉल जॉइंट गेलाय, चाक धरून ठेवणारा सांधा," तो म्हणाला. "चाक वरून आत कलतं, म्हणून आतली कड खाल्ली. आधी हलवून बघतात साहेब, मग मोजतात. जे हलतं त्याचं माप घेऊन काय उपयोग?"

दातांच्या डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं होतं, आणि काकूंनी तर त्याच्याही आधी. चाकवाला गाडीखाली वाकला आणि थांबला. टाय रॉड कुणी फिरवला, त्याने विचारलं. मापसाहेबांनी आपणच फिरवल्याचं सांगितलं. कशावरून, असं त्याने विचारल्यावर मापसाहेबांनी दोन्ही टेपा काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि पुढचं माप कशाने, मागचं कशाने, ते सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या आवाजातला जोर कमी होत गेला, कारण आपण काय सांगतो आहोत ते आता त्यांनाच ऐकू येत होतं. दोन बाजू, दोन टेपा. खात्यात नव्याने लागलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी शिकवतात, की एका मापाची तुलना दुसऱ्या मापाशी करण्याआधी दोन्ही मापं एकमेकांशी ताडून बघायची.

चाकवाल्याने दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या. स्टीलच्या टेपेवर एकशे चाळीस, तिथे कापडी टेपेवर एकशे साडेअडतीस. वर्षानुवर्षं ओली होऊन, फांद्या बांधून, ताणून ताणून काकूंची टेप दीड सेंटिमीटर लांबली होती. चहा पिणारी दोघं उठून टेबलापाशी आली. तिसराही आला.

"मुद्दाम नाही," मापसाहेब म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

शब्द तोंडातून गेले आणि मापसाहेबांना ते ओळखू आले. असंच टेबल होतं, अशीच माणसं भोवती होती. फक्त त्या वेळी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांनी चाकवाल्याकडे बघितलं. त्यालाही ते आठवलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते वाक्य आता त्याच्या जिभेवर होतं आणि ते म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. मापसाहेबांनी ते ऐकून घ्यायची तयारी केली.

"हेतू मोजायचं मशिन आमच्याकडेही नाही, साहेब," चाकवाला म्हणाला. "बसा. दोनपर्यंत गाडी देतो."

मापसाहेब जुन्या टायरवर बसले. कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. गिऱ्हाइकं गेली, चाकवाला जुना बॉल जॉइंट ठोकून काढू लागला, आणि मापसाहेब त्याच्या पाठीला म्हणाले, "तुमच्या तराजूच्या पारड्याखाली एक वॉशर चिकटला होता. ग्रीसने. तो मी पाहिला होता. मुद्दाम लावलेला नव्हता, हेही कळलं होतं."

हातोडा थांबला.

"अहवालात लिहिला नाही. त्याला रकाना नव्हता."

चाकवाल्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चौदा वर्षं मला वाटत होतं, की तुम्हाला तो दिसलाच नसेल." आणि त्याने पुन्हा ठोकायला सुरुवात केली, जरा जास्तच जोराने. मापसाहेबांना ते योग्य वाटलं.

दोन वाजता गाडी तयार झाली. नवा बॉल जॉइंट, नवा टायर, आणि मशिनवर चाकं सरळ केलेली. चाकवाल्याने कचेरीचा दाखला काढला आणि 'झिजेचे कारण' या रकान्यात एका ओळीत लिहिलं, बॉल जॉइंट झिजला होता, बदलला. मापसाहेबांनी सवयीने दाखला दोनदा वाचला.

"टाय रॉड मी बिघडवला, ते लिहायचं राहिलं."

"त्याला रकाना नाही, साहेब," चाकवाला म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

तपासणी केंद्रात तोच तपासनीस होता. तो उकिडवा बसला, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि उठून गाडी पास केली. मापसाहेबांनी अंगठ्याबद्दल काही विचारलं नाही. घरी जाताना वाटेत थांबून त्यांनी एक नवी कोरी कापडी टेप घेतली, शिक्क्याची, आणि ती काकूंच्या ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग अंगणात जाऊन काय काय झालं ते सगळं सांगितलं, वॉशरसकट. काकूंनी ऐकून घेतलं. बादली भरता भरता त्या म्हणाल्या, की स्टिअरिंग आता सरळ आहे ना, मग उद्या पहाटे लवकर निघू. मापसाहेबांना एवढं सांगणंही खूप वाटलं.

शनिवारी नळाजवळच्या जागेवर दीडशे कुंड्या मांडून झाल्या तेव्हा निवडुंगवाली दुरून बघत होती. नवी टेप कुठे आहे, हे मापसाहेबांना थोड्या वेळाने कळलं. काकूंनी त्या टेपने पिकअपचं मागचं फळकं बांधून टाकलं होतं. तेवढ्यात चाकवाला आला. दुकानाच्या दाराशी लावायला लिंबाचं रोप हवं होतं, चार फुटी. काकूंनी ॲप्रनच्या खिशातून जुनी कापडी टेप काढली आणि रोपाला लावली. चाकवाल्याने टेपेकडे बघितलं, मग मापसाहेबांकडे.

एकतीस वर्षांत मापसाहेबांनी चुकीच्या मापाकडे कधी पाठ फिरवली नव्हती. आज त्यांनी ती फिरवली, आणि नळ नीट बंद आहे का ते बघायला गेले.